गावापासून कोणते शहर किती दूर? शहर-ग्रामीण प्रभावक्षेत्रांच्या जागतिक नकाशाचे परीक्षण

शहर आणि ग्रामीण भाग यांच्या उत्पन्नातील दरीविषयी लिहिताना आपण सहसा दोनच रकाने आखतो. एका रकान्यात शहर, दुसऱ्यात खेडे. दोहोंच्या सरासरी उत्पन्नाचे गुणोत्तर काढले की दरी मोजून झाली, असे आपण मानतो. कौटुंबिक सर्वेक्षणांच्या आकडेवारीवर काम करताना या दोन रकान्यांनी मला वारंवार अडवले आहे, कारण जिथे शेतमालाला गिऱ्हाईक मिळते, जिथे पंप दुरुस्त होतो, जिथे पेरणी आणि कापणी यांच्या मधल्या महिन्यांत मजुरी मिळते, ते छोटे शहर या मांडणीत कधी पहिल्या रकान्यात बुजून जाते, तर कधी दुसऱ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेला शहर-ग्रामीण प्रभावक्षेत्रांचा जागतिक नकाशा मी वापरायला घेतला तो याच अडचणीमुळे. दीर्घकाळ वापरल्यानंतर त्याविषयीचे माझे मत येथे मांडतो.

हा नकाशा २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. आंद्रेआ कातानेओ, अँड्र्यू नेल्सन आणि थेरेसा मॅकमेनोमी हे त्याचे कर्ते असून त्यांनी आपली पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात सविस्तर मांडली आहे. त्यामागची कल्पना सोपी आहे. जगातील जमिनीचे सुमारे एक किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येक चौकोनासाठी दोन गोष्टी ठरवल्या आहेत: तेथील माणूस कोणत्या आकाराच्या शहरी केंद्रावर अवलंबून असावा, आणि त्या केंद्रापर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागतो. केंद्रांचे लोकसंख्येनुसार सात गट केले आहेत. सर्वांत लहान गट २० ते ५० हजार वस्तीच्या शहरांचा, सर्वांत मोठा ५० लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांचा. प्रवासाच्या वेळेच्या तीन पट्ट्या आहेत: एक तासाच्या आत, एक ते दोन तास, दोन ते तीन तास. सात शहरी वर्ग, त्यांच्याभोवतीचे एकवीस ग्रामीण वर्ग आणि दूरवर विखुरलेल्या वस्त्यांसाठीचे दोन वर्ग मिळून एकूण तीस वर्ग होतात. फाइल कोणालाही विनाशुल्क उतरवून घेता येते आणि नकाशांचे कोणतेही नेहमीचे सॉफ्टवेअर ती उघडते.

पहिल्यांदा ही फाइल उघडून लोकसंख्येची बेरीज वर्गवार पाहिली तेव्हा मला माझी जुनी टिपणे बाजूला ठेवावी लागली. कर्त्यांच्या हिशेबानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोक मध्यम आणि लहान शहरांच्या भोवतालच्या भागात राहतात. कमी उत्पन्नाच्या देशांत तर ६४ टक्के लोकसंख्या एक तर लहान शहरांत राहते किंवा अशा शहरांच्या प्रभावक्षेत्रात. दोन रकान्यांच्या तक्त्यात या लोकांपैकी बहुतेक जण केवळ ‘ग्रामीण’ असतात. प्रत्यक्षात त्यांचे उत्पन्न ठरते ते अर्ध्या-पाऊण तासावरच्या एका छोट्या शहरात काय विकले जाते, कोण विकत घेतो आणि कोणाला काम मिळते यावरून. महानगराचा भाव त्यांच्यापर्यंत पोचतो तोही त्या शहरातील व्यापाऱ्याच्या हातून, त्याचा नफा आणि वाहतूक वजा होऊन.

दरी खरोखर किती मोठी आहे, हे आधी सांगायला हवे. अल्विन यंग यांनी २०१३ मध्ये ६५ देशांच्या जनसांख्यिकी व आरोग्य सर्वेक्षणांवरून दाखवले की देशांतर्गत विषमतेचा सरासरी ४० टक्के भाग शहर-ग्रामीण फरकातून येतो. त्याच अभ्यासात एक निरीक्षण आहे, ते फारसे उद्धृत होत नाही आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते: ग्रामीण भागात वाढलेल्या चार-पाच जणांपैकी एक जण तरुणपणी शहरात जातो, आणि शहरात वाढलेल्या चार-पाच जणांपैकी एक जण ग्रामीण भागात येतो. वाहतूक दोन्ही दिशांनी आहे. पुढे २०२१ मध्ये इंडोनेशिया आणि केनिया या देशांतील त्याच त्या व्यक्तींचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात असे दिसले की व्यक्तीव्यक्तींमधील कायमचे फरक हिशेबात घेतले तर दरीचा ८० टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा होतो. म्हणजे दरी बऱ्याच अंशी कोण जाऊ शकतो आणि कोण मागे राहतो याची आहे. आणि जाण्याची तयारी, म्हणजे माध्यमिक शाळा, पहिली नोकरी, पहिली ओळख, बहुतेक वेळा जवळच्या छोट्या शहरातच होते.

त्यात ‘शहर’ शब्दाची व्याख्याही देशागणिक बदलते. डेन्मार्कमध्ये २०० लोकांची वस्ती शहरी गणली जाते, जपानमध्ये शहराचा दर्जा मिळण्यासाठी साधारण ५० हजारांची अट आहे. अशा व्याख्यांवर आधारलेली गुणोत्तरे शेजारी शेजारी ठेवून देशांची तुलना करणे मला नेहमीच धोक्याचे वाटत आले आहे. या नकाशाने सर्वत्र एकच मोजपट्टी लावली, एवढ्यासाठीसुद्धा तो वापरण्याजोगा ठरतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. छोट्या शहराची अर्थव्यवस्था भोवतालच्या गावांचे उत्पन्न नेमके कशी घडवते? माझ्या मते सर्वांत आधी येते ती खरेदीदारांची संख्या. शहरात एकच मोठा व्यापारी असेल, साठवणुकीची सोय त्याच्याकडेच असेल आणि हंगामापूर्वीची उधारीही त्यानेच दिलेली असेल, तर नाशवंत माल घेऊन आलेला शेतकरी घासाघीस करू शकत नाही. त्याला परत जाण्याचा पर्याय नसतो. त्याच शहरात पाच खरेदीदार आले, एखादा प्रक्रिया उद्योग आला, दुसऱ्या शहराकडे जाणारा रस्ता सुधारला, की तोच माल, तेच शेत आणि तीच मेहनत यांचे मोल बदलते. शेतीच्या उत्पादकतेत काहीही फरक न पडता उत्पन्नात फरक पडतो, आणि तो फरक शेतात शोधून सापडत नाही.

त्यानंतर येते मजुरी. महानगरात मजुरी अधिक असते यात वाद नाही. पण तिथे जायचे म्हणजे घरभाडे, प्रवासखर्च, ओळखीपाळखीचा अभाव आणि शेत व वृद्ध माणसे मागे सोडण्याची तडजोड हे सारे आले. छोट्या शहरात सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. मजुरी कमी असली तरी कुटुंब शेत कसत राहते, कापणीच्या वेळी हात उपलब्ध राहतात आणि वर्षातील रिकामे महिने भरून निघतात. ज्यांच्याजवळ शिक्षण नाही, बचत नाही, शहरात नातेवाईक नाहीत, अशांना ही पायरी चढता येते. टांझानियाच्या वायव्येकडील कागेरा प्रदेशात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यांची पाहणी झाली त्या लोकांना २०१० पर्यंत, ते जिथे गेले तिथे जाऊन, पुन्हा गाठण्यात आले. लुक क्रिस्टियानसेन, योआखिम दे वेर्त आणि यासुयुकी तोदो यांनी या माहितीवरून काढलेला निष्कर्ष मला या विषयातील सर्वांत बोलका वाटतो. गरिबीतून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे निम्मे जण गावातील बिगरशेती कामाकडे वळून किंवा दुय्यम शहरांत जाऊन बाहेर पडले होते. मोठ्या शहरात जाऊन गरिबीतून सुटलेले सातांपैकी एकच होते. मोठ्या शहरात गेलेल्यांची वैयक्तिक प्रगती सरासरीने अधिक वेगवान होती, हेही त्याच अभ्यासात आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: महानगर थोड्यांना पुष्कळ देते, छोटे शहर पुष्कळांना थोडे देते, आणि गरिबी किती कमी झाली याचा हिशेब करताना माणसांची संख्या वजनदार ठरते.

भारताविषयी जॉन गिब्सन, गौरव दत्त, रिंकू मुरगई आणि मार्टिन राव्हालियन यांनी २०१७ मध्ये असाच निष्कर्ष वेगळ्या वाटेने काढला. उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडावरून शहरांची वाढ मोजून त्यांनी ती ग्रामीण गरिबीच्या आकड्यांशी ताडून पाहिली, तेव्हा ग्रामीण गरिबांसाठी मोठ्या शहरांच्या वाढीपेक्षा लहान शहरांची वाढ अधिक परिणामकारक असल्याचे दिसले. दोन वेगळे प्रदेश, दोन वेगळ्या पद्धती आणि उत्तर एकाच दिशेचे. म्हणून हे उत्तर मी गंभीरपणे घेतो.

मात्र छोटे शहर असणे आणि त्याची अर्थव्यवस्था कामाची असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. काही छोटी शहरे भोवतालच्या गावांतून येणारा पैसा केवळ पुढे ढकलतात: दुकानांत बाहेर तयार झालेला माल, जमिनीचे मालक शहरात राहणारे, कर्जाचे व्याज शहरात आणि तेथून मोठ्या शहरात जाणारे. अशा ठिकाणी गावकरी विकतो तो माल स्वस्तात जातो, घेतो तो माल महागात येतो, आणि मधल्या फरकातून तिथे नवे काम उभे राहत नाही. काही शहरांत मात्र अवजारे बनतात, धान्य दळले जाते, कपडे शिवले जातात, बांधकामाचे साहित्य तयार होते. शेतकऱ्याने खर्च केलेला पैसा शेजाऱ्याच्या मजुरीच्या रूपाने पुन्हा त्याच गावात येतो. या दोन शहरांची लोकसंख्या सारखी असू शकते आणि गावापासूनचे अंतरही सारखे असू शकते.

माझा पहिला मोठा आक्षेप येथेच आहे. हा नकाशा शहराला फक्त आकार आणि अंतर यांनी ओळखतो, आणि तेही २०१५ या एका वर्षापुरते. चीनचे उदाहरण घेतले की ही मर्यादा किती महाग पडू शकते ते कळते. १९७८ मध्ये तेथील शहरी आणि ग्रामीण उत्पन्नाचे अधिकृत गुणोत्तर २.५७ होते, ते १९८५ पर्यंत १.८६ पर्यंत खाली आले. शेती कुटुंबांकडे सोपवणे आणि सरकारी खरेदीचे भाव वाढवणे ही त्याची मोठी कारणे होती. त्यांच्या जोडीला लहान शहरांतील आणि गावांतील उद्योग झपाट्याने वाढत होते. १९७८ मध्ये या उद्योगांत सुमारे २ कोटी ८० लाख लोक काम करत होते, १९९६ मध्ये ही संख्या सुमारे साडेतेरा कोटींवर पोचली. त्याआधीच वाढीचे केंद्र किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांकडे सरकू लागले होते, पुढे यांतील अनेक उद्योग खासगी झाले किंवा बंद पडले, आणि २००९ मध्ये गुणोत्तर ३.३३ पर्यंत चढले. या तीस वर्षांत बहुतेक छोटी शहरे आपल्या जागी होती, रस्ते सुधारत होते, प्रवासाचा वेळ घटत होता. नकाशाच्या मोजपट्टीने पाहिले तर गावे शहरांच्या अधिक जवळ आली असती. उत्पन्नाच्या मोजपट्टीने पाहिले तर ती पुष्कळ दूर गेली. कारखाना चालू आहे की बंद, हे सांगणारा एकही स्तंभ या फाइलमध्ये नाही.

दुसरा आक्षेप नियमाविषयी आहे, आणि वापरणाऱ्याने तो समजून घेतल्याशिवाय एकही तक्ता काढू नये. एखादा चौकोन एकाच वेळपट्टीत दोन केंद्रांच्या आवाक्यात येत असेल, तर तो मोठ्या केंद्राच्या खात्यावर घातला जातो. यामागचा विचार वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीच्या अभ्यासातून मांडलेल्या केंद्रस्थानांच्या श्रेणीचा आहे: मोठ्या केंद्रात लहान केंद्रातील सर्व सेवा असतात आणि त्याशिवाय आणखीही असतात, म्हणून मोठे केंद्र वरचढ. सेवांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी पटते. शस्त्रक्रियेसाठी माणूस मोठ्या शहरात जातो. पण उत्पन्नाच्या बाबतीत हा नियम फसवतो. दहा मिनिटांवर छोटे शहर आणि पंचावन्न मिनिटांवर महानगर असलेले गाव नकाशात महानगराचे होते. त्या गावातील भाजी, दूध, मजूर आणि दुरुस्तीला नेलेली यंत्रे मात्र रोज दहा मिनिटांवरच्या शहरात जात असतात. महानगराजवळच्या गावांचे उत्पन्न अधिक दिसले की त्याचे श्रेय आपोआप महानगराला मिळते, आणि मधल्या छोट्या शहराने केलेले काम हिशेबातून गळून जाते. ज्या प्रश्नासाठी मी हा नकाशा उचलला, नेमक्या त्याच प्रश्नावर त्याचा हा नियम पक्षपात करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बाकीची मांडणी इतकी विचारपूर्वक केलेली आहे.

प्रवासाच्या वेळेचा हिशेब ज्या जागतिक मोजणीवर उभा आहे, ती वाहन उपलब्ध असलेल्या माणसाची गती धरून चालते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीनुसार जगातील ८०.७ टक्के लोक शहरापासून एका तासाच्या आत राहतात. उच्च उत्पन्नाच्या प्रदेशांत हे प्रमाण ९०.७ टक्के, तर कमी उत्पन्नाच्या प्रदेशांत ५०.९ टक्के आहे. पण ज्याला दिवसातून दोनदा येणाऱ्या बसची वाट पाहावी लागते किंवा डोक्यावर ओझे घेऊन चालावे लागते, त्याचा तास वेगळा असतो. म्हणजे गरिबाचे अंतर या नकाशात कमी दिसते. ही त्रुटी मी फार ताणत नाही, कारण जगभरच्या बसच्या वेळा कोणाकडेच एकत्र नाहीत.

लहान केंद्राची किमान मर्यादा २० हजार ठेवली आहे, ती मात्र मला खटकते. भोवतालच्या गावांसाठी आठवडी व्यवहार, धान्याची खरेदी आणि शाळा चालवणारी पुष्कळ ठिकाणे आठ-दहा हजार वस्तीची असतात. तुलनेसाठी युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची जागतिक मानवी वस्त्यांची आकडेवारी पाहावी. त्यात वापरलेली शहरीकरणाच्या पातळ्यांची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये मान्य केली आहे, आणि तिच्यानुसार पाच हजारांपासूनचे दाट समूह छोट्या शहरांच्या मधल्या वर्गात येतात. ती आकडेवारी १९७५ पासून दर पाच वर्षांची आहे, त्यामुळे एखादे शहर कधी वाढले तेही पाहता येते. तिच्यात कोणते गाव कोणत्या शहरावर अवलंबून आहे याचे उत्तर नाही. अन्न व कृषी संघटनेचा नकाशा हेच उत्तर देऊ पाहतो, आणि म्हणून दोषांसकट तो माझ्या कामात राहिला.

वापरताना आलेली एक अडचण इतरांनाही येईल, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. कुटुंबांची गोपनीयता जपण्यासाठी जनसांख्यिकी व आरोग्य सर्वेक्षणांतील ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मुद्दाम सरकवलेले असतात: शहरी ठिकाणे दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ठिकाणे पाच किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीण ठिकाणांपैकी एक टक्का दहा किलोमीटरपर्यंत. महानगरात दोन किलोमीटर सरकलेले घर महानगरातच राहते. पंचवीस हजार वस्तीचे शहर मात्र पुष्कळदा दोन किलोमीटर रुंदही नसते. तिथले घर सरकले की नकाशात ते शेतात जाऊन पडते आणि ‘छोट्या शहराच्या एक तासाच्या आतील ग्रामीण भाग’ या वर्गात मोजले जाते. परिणामी छोट्या शहराचे उत्पन्न शहराच्या खात्यातून वजा होते आणि भोवतालच्या गावांच्या खात्यात मिसळते. दोहोंमधील खरा फरक पुसट होतो. यावर मी वापरतो तो उपाय असा: सर्वेक्षणातील शहरी-ग्रामीण नोंद टाकून द्यायची नाही, ती नकाशातील वर्गाच्या शेजारी ठेवायची, आणि ज्या ठिकाणी दोन्ही जुळत नाहीत ती ठिकाणे वेगळी काढून हिशेब दोनदा करायचा. ती ठिकाणे बाहेर ठेवल्यावर निष्कर्ष उलटला, तर तो निष्कर्ष मी लिहीत नाही.

जिल्हा किंवा प्रांत पातळीवर नियोजन करणाऱ्यांना, शाळा-दवाखाने कुठे असावेत हे ठरवणाऱ्यांना आणि अन्नपुरवठ्याच्या साखळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना मी हा नकाशा निःसंकोच सुचवेन. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अन्नसुरक्षा अहवालात त्याचा वापर झाला आहे आणि तिथे तो शोभतो. उत्पन्नाच्या दरीवर काम करणाऱ्यांनी मात्र त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी ठेवाव्यात: रात्रीच्या उजेडाची अनेक वर्षांची मालिका, म्हणजे शहर वाढते आहे की थबकले आहे ते कळेल, आणि शक्य असेल तिथे उद्योगांची गणना, म्हणजे तिथे माल बनतो की फक्त विकला जातो ते कळेल.

पुढच्या आवृत्तीसाठी माझी मागणी एकच आहे. प्रत्येक चौकोनासाठी सध्या एका केंद्राचा वर्ग दिला जातो. त्याच्या शेजारी आकार न पाहता सर्वांत जवळच्या केंद्राचा दुसरा स्तंभ द्यावा. गणना आधीच झालेली असल्याने हे काम कर्त्यांना जड जाऊ नये. हे दोन स्तंभ जिथे वेगळे निघतील, म्हणजे गाव महानगराच्या आवाक्यात आहे पण त्याच्या अधिक जवळ एक छोटे शहर आहे, तेथील कुटुंबांचे उत्पन्न आणि जिथे मध्ये असे शहर नाही तेथील कुटुंबांचे उत्पन्न ताडून पाहता येईल. आज ही जुळणी मला दोन वेगळ्या फाइलींवरून हाताने करावी लागते, आणि प्रत्येक देशासाठी तिला काही दिवस लागतात.